बर्डीतले लेन्सवाले काका: दोन मॅचच्या मधल्या चाळीस मिनिटांचा अनुभव

नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मोदी गल्ल्यांपैकी एकीत, रेडिमेड कपड्यांच्या दुकानाच्या बाजूने एक अरुंद जिना वर जातो. पहिल्या माळ्यावर कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करणारे एक काका बसतात. दुकानाला पाटी नाही. आम्ही फोटोग्राफर मंडळी 'काकांकडे टाकलीय' एवढंच म्हणतो. मी बारा वर्षं खेळांचे फोटो काढतेय, पण त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती या जानेवारीत, आणि तीही अगदी गळ्याशी आल्यावर.

जानेवारीत खासदार क्रीडा महोत्सव आणि शाळा-कॉलेजांच्या स्पर्धा एकमेकांवर येतात. त्या शनिवारी माझी तीन कामं होती. सकाळी मानकापूरच्या ट्रॅकवर शाळांचं ॲथलेटिक्स, दुपारी रेशीमबागेत कबड्डी आणि पाच वाजता परत मानकापूरला, विभागीय क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये बॅडमिंटनच्या फायनल. सकाळचं काम छान झालं. या दिवसांत सूर्य पावणेसातनंतरच उगवतो, त्यामुळे पहिल्या हीट्स अंधुक उजेडात गेल्या, पण १०० मीटरच्या फायनलला मुलींच्या चेहऱ्यावर तिरपं ऊन आलं होतं.

कबड्डीत आम्ही रेषेबाहेर जमिनीवर बसतो, कारण रेडरचा चेहरा खाली असतो. एका रेडरला तिघांनी कोपऱ्यात धरलं आणि चौघंही माझ्या अंगावर आले. मला खरचटलं सुद्धा नाही. ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स मात्र कॅमेऱ्यासकट मातीत आपटली आणि तिच्या तोंडावरच्या हूडला तडा गेला. कॅमेरा चालू केला तर अपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत घेणाऱ्या छिद्राच्या, आकड्याच्या जागी 'एफ' आणि दोन आडव्या रेघा लुकलुकत होत्या. फोकस बंद.

माझा कॅमेरा निकॉन डी५००, आणि लेन्स ७०-२०० एफ २.८ मधलं ई मॉडेल. जुन्या लेन्समध्ये अपर्चर हलवायला एक दांडी असायची, ती यात नाही. अपर्चर आणि फोकस दोन्ही माउंटवरच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या रिंगेवरच्या, सोनेरी टिपक्यांमधून चालतात. ते नीट टेकले नाहीत तर जवळपास दीड किलोची ती लेन्स म्हणजे नुसती काच. बॅगेत २००-५०० लेन्स होती, पण ती एफ ५.६ ची, म्हणजे २.८ च्या चौथाई उजेड घेणारी. त्या हॉलमध्ये एक हजारच्या शटरला (सेकंदाचा हजारावा भाग) एफ २.८ वर आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४०० लागतो, ५.६ वर तोच २५,६०० होतो आणि फोटो दाणेदार येतो. बॅडमिंटनला फ्लॅश चालत नाही. शिवाय आमच्या नागपूरच्या मालविका बनसोडने २०२२ च्या इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवलं, तेव्हापासून डेस्कला, म्हणजे ऑफिसात फोटो निवडणाऱ्यांना, मुलींच्या फायनलचा फोटो हवाच असतो.

आधी मी मेन रोडवरच्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने लेन्स हातातही न घेता सांगितलं, "ठेवून जा, मुंबईला पाठवावी लागेल, आठ-दहा दिवस." मग एका मित्राने फोनवर काकांचा जिना सांगितला. तेव्हा दोन चाळीस झाले होते.

काकांनी आधी लेन्सला हात लावलाच नाही, प्रश्न विचारले. "पडली काय ताई? कशावर, मॅटवर का मातीवर? पडल्यावर काचेचा आवाज आला होता काय?" मग लेन्स कानाशी धरून हळूच हलवली. झूमची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवली, डोळे मिटून. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, म्हणजे पडलेला स्क्रू उडत नाही आणि दिसतोही. टिपके अल्कोहोलने पुसले तरी रेघा गेल्या नाहीत. तेव्हा त्यांनी मागच्या धातूच्या रिंगेला अंगठ्याने दाबलं आणि मला दाखवलं, "बघा, नख जातंय." माउंटचे स्क्रू सैल झाले होते, एकाचं डोकं तुटलं होतं.

मला खरी पटली ती यापुढची गोष्ट. त्यांनी वेगळ्या डब्यातून जपानी पेचकस काढला. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या फुलीच्या पेचकसाला बरोबर बसत नाही, जोर दिला की पेचकस खाचेतून वर निसटतो आणि स्क्रूचं डोकं खरवडतं. माझ्या आधीच्या एका लेन्सचं असंच वाटोळं झालं होतं, तेव्हा कारण कळलं नव्हतं. निघालेला प्रत्येक स्क्रू काकांनी दुहेरी चिकटपट्टीवर, ज्या जागेवरून निघाला त्याच क्रमाने चिकटवला. तुटलेल्याच्या जागी भंगार लेन्सच्या डबीतून त्याच मापाचा शोधला. पाच-सहा लावून पाहिले आणि बाजूला ठेवले. मी घड्याळ बघत होते, ते बघत नव्हते. त्याचं मला त्या वेळीही बरं वाटलं.

"आतलं खोलायची गरज नाही," ते म्हणाले. "व्हीआर (हाताचा कंप सावरणारी सोय) मात्र आज बंद ठेवा, एक हजारवर तसाही लागत नाही. आठ दिवसांनी आणून दाखवा." साडेतीनशे रुपये घेतले. तीन वीसला मी खाली होते.

संध्याकाळी तिन्ही फायनल त्याच लेन्सवर काढल्या. हॉलचे दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात, त्यामुळे डी५०० चं फ्लिकर रिडक्शन, म्हणजे दिवे उजळ असतानाच फोटो टिपणारी सोय, चालू होतं. फोकसने एकदाही दगा दिला नाही. डेस्कला हवा तो फोटो दुसऱ्या गेमचा निघाला. मुलगी मागे झुकलेली, शटल रॅकेटच्या तारांना टेकलेलं, आणि बोटावरची पट्टी सुटून लोंबतेय.

अडचणीही सांगते. छापील बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात, त्यामुळे ऑफिसकडून पैसे परत घेताना त्रास होतो. पाणी गेलेला कॅमेरा किंवा आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं काम ते घेत नाहीत, तसं तोंडावर सांगतात. दुपारी दोनच्या आधी ते नसतात. गल्लीत दुचाकी लावायलाही जागा नाही, मेट्रोने सीताबर्डीला उतरून चालत जा. एकटीच लेन्स नेऊ नका, ज्या कॅमेऱ्यावर वापरता तोही न्या, नाहीतर परत पाठवतात.

आठ दिवसांनी मी गेले. त्यांनी मोजपट्टी तिरपी ठेवून फोकस तपासला, तो किंचित मागे जात होता. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तेवढ्या फरकाचा आकडा भरला, पैसे घेतले नाहीत, आणि तो आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून लेन्सच्या मागच्या झाकणात आतून चिकटवून दिला. कॅमेरा रिसेट झाला तर हाताशी असावा म्हणून.