शिरवळचा व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना, दगडीसाठी (कासेचा आजार) गाय नेली होती

आमच्या एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गायीचं एका सडातलं दूध कमी झालं, कास सुजलेली नाही, ताप नाही, वैरण नीट खातेय, तरी डेअरीत एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) कमी लागायला लागलं. आधी जवळच्या एका डॉक्टरांनी दूध न तपासताच तीन दिवस इंजेक्शनं मारली, फरक काहीच नाही आणि औषधामुळे दूध ओतून द्यावं लागलं ते वेगळंच. मग पिकअपमध्ये घालून शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील कॉलेजला नेली.

तिथल्या मॅडमचा अभ्यासाचा विषयच हा, बाहेरून न दिसणारी दगडी. चार खणांचा ट्रे घेतला, चारी सडांचं थोडं थोडं दूध, त्यात जांभळं औषध आणि ट्रे गोल गोल फिरवला. तीन खण पातळच राहिले, चौथ्यात शेंबडासारखा गोळा. अंगावर काटाच आला हो, हे दूध आपण रोज डेअरीला घालत होतो! मग कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल ते बघायला नमुना लॅबला, रिपोर्ट आल्यावरच औषध.

धार काढल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही म्हणून अर्धा तास गाय बसू द्यायची नाही, तेवढ्यात पुढ्यात वैरण टाकायची, आणि आजारी सड सगळ्यात शेवटी पिळायचं, हे मॅडमनी नीट समजावून सांगितलं. वीस वर्षं गाई सांभाळतोय, आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दगडीवर नुसती इंजेक्शनं मारत बसलेल्यांनी एकदा दूध तपासून घ्याच.