मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरच्या इमारतींचे दिवे: वीज रुळांतून घ्यावी, जुन्या पॉवर पॅकमधून की वेगळ्या अडॅप्टरमधून?

लेआउटवरच्या घरांत दिवे लावायचं ठरलं की पहिला मोह होतो तो रुळांतून वीज घ्यायचा. वीज तिथे आहेच, दोन तारा जोडल्या की काम झालं! पण आमच्या मते सगळ्यात आधी बाद करावा तो हाच पर्याय.

साध्या डीसी लेआउटवर रुळांतला व्होल्टेज म्हणजेच गाडीचा वेग. गाडी थांबली की गाव अंधारात, आणि दिशा बदलली की एलईडीला उलटी वीज मिळून ते बंद. डीसीसीवर, म्हणजे इंजिनांना रुळांतूनच डिजिटल हुकूम देणाऱ्या पद्धतीत, वीज कायम असते, म्हणून तिथे मोह जास्त. पण डीसीसीचा व्होल्टेज साधारण १४-१५ आणि सतत उलटसुलट होणारा. एलईडी उलट्या दिशेने बहुधा ५ व्होल्टपर्यंतच सुरक्षित असतो, त्यामुळे उलटसुलट वीज एका दिशेची करणारा ब्रिज रेक्टिफायर लावावाच लागतो. तोही लावला, तरी मोठी अडचण उरतेच. सांधा (गाडीचा रूळ बदलायची जागा) चुकीच्या बाजूला असताना इंजिन त्यावर चढलं की शॉर्ट होतो, बूस्टर (रुळांना वीज पुरवणारं यंत्र) वीज तोडतो आणि गाड्यांबरोबर अख्खं गाव विझतं. दिव्यांच्या सर्किटमध्ये वीज साठवणारे कपॅसिटर असतील तर वीज परत येताना ते सगळे एकदम चार्ज व्हायला लागतात. बूस्टरला तोही शॉर्टच वाटतो आणि तो पुन्हा ट्रिप होतो. शिवाय बूस्टरचे ३ किंवा ५ अँपिअर इंजिनांसाठी आहेत. ते खिडक्या उजळण्यात कशाला घालवायचे? रुळांची वीज डब्यांतल्या दिव्यांना ठीक, कारण तिथे दुसरी सोयीची वाट नाही.

अडगळीत पडलेला जुना पॉवर पॅक (गाडीला वीज देणारा, वेग बदलणारा डबा) हा दुसरा पर्याय, आणि तो वाईट नाही. त्याच्या मागच्या ॲक्सेसरी टर्मिनलवर बहुधा १६ व्होल्ट एसी मिळतो. १२ व्होल्टचे बारके बल्ब त्यावर थेट लावले तर लवकर जळतात. दोन-दोन सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लावा: प्रत्येकाला ८ व्होल्ट मिळतील, उजेड मऊ पडेल आणि बल्ब कितीतरी जास्त टिकतील. एलईडी लावायचे असतील तर हिशेब बदलतो. १६ व्होल्ट एसी रेक्टिफाय करून कपॅसिटर लावला की जवळपास २१ व्होल्ट डीसी होतो, आणि भार कमी असेल तर त्याहून जास्त. तिथे २५ व्होल्टचा कपॅसिटर काठावर येतो. ३५ व्होल्टचा घ्या आणि पुढे बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज कमी करणाऱ्या छोट्या सर्किटने) १२ व्होल्टवर आणा. एवढी खटपट करण्यापेक्षा सरळ अडॅप्टर बरा, असं बहुतेकांना वाटेल आणि ते बरोबरच आहे. त्याच पॅकवर गाडीही चालवत असाल तर हा विचार सोडाच. दिवे वाढले की गाडी मंदावते.

बल्ब की एलईडी हा प्रश्न विजेच्या पुरवठ्याशी बांधलेला आहे. २५ इमारती आणि प्रत्येकीत ३ दिवे धरा. ६० मिलीअँपिअरच्या बल्बांना साडेचार अँपिअर लागतील, आणि प्लास्टिकच्या भिंतीला टेकलेला बल्ब ती भिंत वाकवतो. तेच २ मिलीअँपिअरवर चालणारे एलईडी सगळे मिळून १५० मिलीअँपिअर घेतात. घरांसाठी वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरे, घ्या. कूल व्हाइट कारखान्याला किंवा ट्यूबलाइटच्या फलाटाला शोभतो.

नव्या लेआउटसाठी आमची पसंती आहे ती १२ व्होल्ट, २ अँपिअरच्या स्वतंत्र डीसी अडॅप्टरला. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. उरलेल्या ९ व्होल्टना ४.७ किलोओहमचा रेझिस्टर (करंटला आवर घालणारा भाग) लावला की करंट २ मिलीअँपिअरच्या आसपास येतो. खोलीतल्या दिव्याला तेवढा पुरतो. रस्त्यावरच्या दिव्याला १० किलोओहमही चालतो. तीन एलईडी सीरिजमध्ये घेतले तर १ किलोओहम पुरे, मात्र तारेचा एक जोड सुटला की तिन्ही विझतात. एकाच रेझिस्टरवर अनेक एलईडी पॅरलल (शेजारी-शेजारी) जोडू नका: ज्याचा व्होल्टेज किंचित कमी तो जास्त करंट ओढतो आणि बाकीचे मंद पडतात. पाय कापण्याआधी लांब पाय, म्हणजे प्लस, रंगाने खूण करून ठेवा. कापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

१२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचे तीन-तीन दिव्यांचे तुकडे छापलेल्या खुणेवरच कापता येतात आणि रेझिस्टरही त्यांवर असतात. पूर्ण व्होल्टेजवर मात्र घर शोरूमसारखं झगझगतं. वेगळी लाइन काढून बक कन्व्हर्टरने ९ व्होल्ट द्या.

५ व्होल्टचा यूएसबी चार्जर छोट्या, उचलून नेण्याच्या लेआउटला सोयीचा आहे. पण तिथे सीरिज जमत नाही. प्रत्येक पांढऱ्या एलईडीला स्वतःचा १ किलोओहम हवा. रेझिस्टरच्या वाट्याला २ व्होल्टच येतात, त्यामुळे लांब, बारीक तारेत अर्धा व्होल्ट पडला तर करंट पाव हिश्शाने घटतो आणि टोकाचं घर मंद दिसतं. १२ व्होल्टवर तेवढाच अर्धा व्होल्ट ९ मधून जातो. फरक डोळ्यांना जाणवत नाही. पॉवर बँक लावणार असाल तर आधी तपासा, कारण बऱ्याच पॉवर बँक एवढा कमी करंट पाहून आपोआप बंद होतात.

बॅटरी फक्त त्या एखाद्या एकट्या झोपडीसाठी, जिथे तार नेणं खरंच अशक्य आहे. सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलमध्ये साधारण २२० मिलीअँपिअर-तास असतात. २ मिलीअँपिअरवर कागदोपत्री शंभरेक तास होतात, पण ३ व्होल्टचा पांढरा एलईडी त्याच्या कितीतरी आधी मंदावतो. तीन एए सेल आणि ६८० ओहम हा जास्त भरवशाचा जोड. सेल गळण्याआधी काढता यावेत म्हणून छप्पर चिकटवू नका.

अडॅप्टर निवडलात तर लेआउटखालून १ चौरस मिलिमीटरच्या दोन तारांची बस, म्हणजे मुख्य लाइन, न्या आणि तिच्यातून इमारतींना बारीक तारा काढा. प्रत्येक भागाला अर्ध्या अँपिअरचा फ्यूज लावा. बारीक तार शॉर्ट झाली तरी २ अँपिअरचा अडॅप्टर कदाचित ट्रिप होणार नाही, आणि तेवढ्यात ती तार तापून प्लास्टिक वितळू शकतं. दिव्यांचा मायनस रुळांना जोडू नका, दोन्ही सर्किट पूर्ण वेगळी राहू द्या. इमारत आणि बस यांच्यात दोन पिनांचा प्लग ठेवा, आणि घर जागेवर बसवण्याआधी भिंती आतून आधी काळ्या, मग पांढऱ्या रंगवा. नाहीतर दिवा लागताच भिंतीच लालसर उजळतील.