किडनीतली गाठ: कॅन्सर की एक्सजीपी?

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘मास’ (म्हणजे गाठ) हा शब्द वाचला की घरात कॅन्सरचंच बोलणं सुरू होतं. पण झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस, म्हणजे एक्सजीपी, हा किडनीचा जुनाट जंतुसंसर्गही अगदी तसाच दिसू शकतो.

लक्षणांवरून फारसं काही हाती लागत नाही. पाठीत-कुशीत दुखणं, वजन उतरणं, ताप, हिमोग्लोबिन कमी होणं, लघवीतून रक्त जाणं, हे सगळं दोन्हींत होऊ शकतं. एक्सजीपी जास्त करून मध्यमवयीन बायकांत होतो. मागे मुतखडा, वारंवार लघवीचं इन्फेक्शन, बऱ्याचदा मधुमेह. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ई. कोलाय किंवा प्रोटियस हे जंतू सापडतात, पण कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून एक्सजीपी नाही, असं होत नाही. किडनीचा कॅन्सर पुरुषांत जास्त; सिगारेट, लठ्ठपणा, उच्च रक्तदाब यांनी धोका वाढतो. पुष्कळदा तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतो.

खरा फरक स्कॅनमध्ये. पूर्ण किडनी सुजलेली, मध्ये शिंगांसारखा फांद्या फुटलेला मोठा खडा, भोवती पुवाने भरलेले कप्पे (रेडिओलॉजिस्ट याला अस्वलाचा पंजा म्हणतात) आणि किडनीचं काम जवळजवळ बंद, असं असेल तर एक्सजीपीकडे बोट जातं. अशा वेळी बायोप्सीसाठी अडून बसण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. ती किडनी बहुधा काढावीच लागते आणि पक्कं निदान नंतर पॅथॉलॉजीत होतं.

अडचण आहे ती चालू किडनीतल्या एकाच गाठीची, तीही खडा नसताना. संसर्गाची शंका असेल तर इथे मात्र ‘काढण्याआधी बायोप्सी करता येईल का?’ हे युरॉलॉजिस्टना जरूर विचारा. संसर्ग निघाला तर अँटिबायोटिक्सवर किंवा तेवढाच भाग काढून भागू शकतं. अर्थात लहान कॅन्सरमध्येही पुष्कळदा उरलेली किडनी वाचवता येते. बायोप्सीही कधी चकवते: एक्सजीपीतल्या चरबी भरलेल्या पेशी क्लिअर सेल या किडनीच्या कॅन्सरच्या प्रकारासारख्या दिसतात. म्हणून पेशी नेमक्या कुठल्या हे ओळखायला सीडी६८, पॅक्स८ अशा खास तपासण्या लावतात. क्वचित दोन्ही आजार एकाच किडनीत असतात.

संसर्ग म्हणजे सोपं ऑपरेशन, असं मात्र धरू नका. एक्सजीपीची किडनी आतड्याला, पाठीच्या स्नायूला चिकटलेली असू शकते. आधी अँटिबायोटिक्स, साखरेवर ताबा, गरज पडल्यास नळी घालून पू काढणं, आणि दुसरी किडनी किती काम करते याची तपासणी. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून पुरं करावं लागू शकतं. ती शक्यता किती, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या.