परसातल्या कोंबड्या: एका वर्षाच्या वापरानंतर

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात गेल्या मे महिन्यापासून दोन प्रकारच्या कोंबड्या आहेत. काही शेजारच्या वाडीतून आणलेल्या गावठी, तर काही एक दिवसाची पिल्ले म्हणून आणलेल्या ग्रामप्रिया, म्हणजे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली जात. हेतू घरापुरती अंडी आणि अधूनमधून मटणाऐवजी कोंबडी एवढाच होता. विक्रीचा विचार नव्हता. एक पूर्ण पावसाळा, एक हिवाळा आणि पुन्हा उन्हाळा गेल्यावर माझे मत असे झाले आहे की, यांपैकी एकच जात पाळायची ठरवली तर हाती निम्मेच लागते आणि दोन्ही एकत्र ठेवल्या तरच घरगुती पालनाला अर्थ येतो.

कारण सरळ आहे. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. एकवीस दिवस अंडी उबवणे, मग दोन-अडीच महिने पिल्ले हिंडवणे, या चक्रात तिचे वर्ष जाते, म्हणून वर्षाला साठ ते ऐंशी अंड्यांपलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. ग्रामप्रिया सहसा खुडूक बसत नाही, म्हणून ती दीडशेच्या पुढे सहज जाते आणि तिचे अंडेही मोठे असते. परंतु पुढची पिढी तिच्या भरवशावर वाढत नाही. आम्ही ग्रामप्रियेची अंडी खुडूक बसलेल्या गावठीखाली ठेवली. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडावर धरून ज्यांत लाल शिरा दिसल्या नाहीत ती काढून टाकली आणि उरलेल्यांतून बहुतेक पिल्ले निघाली. मात्र संकरित जातीची ही पिल्ले आईएवढी अंडी देत नाहीत, हे आधीच मनात धरलेले बरे. आमच्या दृष्टीने ती मांसासाठीच आहेत. पिल्ले नकोच असतील तर खुडूक कोंबडीला अंधाऱ्या कोपऱ्यातून उचलून तळाला जाळी असलेल्या खोक्यात चार-पाच दिवस ठेवावे. खालून वारा लागला की तिची बसण्याची ओढ मोडते.

अंडी स्वस्त पडतात का, हा प्रश्न सगळेच विचारतात. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो. तयार लेअर खाद्य किलोला ३६ रुपये धरले तर १,४४० रुपये झाले, आणि १६० अंड्यांनी भागल्यास एक अंडे ९ रुपयांना पडते. दुकानातले पांढरे अंडे याहून स्वस्त मिळते. परवडते ते केवळ कोंबड्या दिवसभर परसात चरतात, वाळवी, गांडुळे, गवताचे कोंभ खातात, तांदळाची कणी आणि घरातले उष्टे-खरकटे त्यांच्या पुढ्यात जाते म्हणून. आमच्याकडे तयार खाद्य निम्म्यावर आले आहे. शहरात गच्चीवर पिंजऱ्यात ठेवणाऱ्याने बचतीचे गणित मांडूच नये.

खाद्याबाबत एकच गोष्ट टाळता येत नाही, ती म्हणजे चुना. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते आणि कणीतून ते मिळत नाही. तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवल्या की कोंबडी आपल्या गरजेपुरत्या वेचून खाते. हिरवा पाला खाल्ल्याने बलक गडद केशरी होतो, त्याचे पाहुण्यांना फार कौतुक असते. पण त्या रंगामुळे अंड्यातली प्रथिने वाढत नाहीत, आणि तपकिरी कवच हे तर निव्वळ जातीचे लक्षण आहे. चवीत फरक मला जाणवतो, तो बहुधा ताजेपणाचा असावा.

ग्रामप्रिया दिवाळीच्या सुमारास अंड्यावर आल्या आणि डिसेंबरात लगेच मंदावल्या. कोंबडीला भरपूर अंडी घालायला चौदा ते सोळा तासांचा उजेड लागतो, आणि कोकणात त्या महिन्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. पहाटे दिवा लावून हे भरून काढता येते, पण आम्ही लावला नाही, कारण घराला एवढ्या अंड्यांची गरज नव्हती.

सर्वांत अवघड काळ पावसाळ्याचा. खुराडे जांभ्याच्या चौथऱ्यावर, जमिनीपासून उंच आणि पश्चिमेकडून झाकलेले हवे. खाली पसरलेले तूस ओले झाले की पिल्लांना रक्ती हगवण लागते, म्हणून ते दर आठवड्याला उलथून, भिजलेले काढून टाकावे लागते. मुंगूस हा दुसरा शत्रू. साध्या षट्कोनी कोंबडी-जाळीवर विसंबू नये, ती कुत्रा फाडतो आणि मोठ्या भोकांतून मुंगूस शिरतो; अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली कडक चौकोनी जाळी, महाग असली तरी तीच घ्यावी आणि तिची कड वीतभर जमिनीत पुरावी. घारीपासून पिल्लांना डालग्याखाली ठेवण्याची जुनी रीत आजही सर्वांत उपयोगी वाटते.

राणीखेत रोगाची लस चुकवू नये. पहिल्या आठवड्यात लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात टोचून द्यायची लस, असा साधारण क्रम असतो. मधे दुसऱ्या आठवड्यात गंबोरो या पिल्लांच्या विषाणूजन्य रोगाची लस. अडचण अशी की कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची येते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. त्यामुळे वाडीतल्या तीन-चार घरांनी एकाच दिवशी लस देण्याचे ठरवले, तेव्हाच ते जमले. बर्ड फ्लूचाही विसर पडू देऊ नये. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापुरात झाला होता आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यातही लागण निघाली. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

आता मांसाविषयी. पिल्ले नर-मादी निवडून मिळत नाहीत, म्हणून निम्मे कोंबडे निघणार हे गृहीत धरावे. एक कोंबडा ठेवून बाकीचे पाच महिन्यांच्या आसपास कापलेले बरे, नाहीतर ते आपसांत भांडून आणि कोंबड्यांच्या पाठी ओरबाडून सगळा कळप अस्वस्थ करतात. कापण्याआधी बारा तास खाणे बंद ठेवून फक्त पाणी द्यावे. बाजारच्या ब्रॉयलरची सवय असलेल्यांना हे मांस चिवट वाटेल. त्याला मंद आचेवर वेळ द्यावा लागतो, आणि त्याची खरी किंमत रश्श्यात कळते. म्हाताऱ्या गावठीचा रस्सा वड्यांबरोबर एकदा खाल्ला की ब्रॉयलर घरात येत नाही, निदान आमच्या सासूबाई येऊ देत नाहीत.

पहाटे आरवण्याचा शेजाऱ्यांना त्रास होत असेल तर कोंबडा न ठेवताही अंडी मिळतात. फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. पाणी रोज बदलणे आणि संध्याकाळी खुराड्याचे दार लावणे या दोन कामांना मात्र सुटी नाही. गणपतीनंतर घराला कुलूप लावून मुंबईला परतणाऱ्यांनी शेजारी कोणी ही जबाबदारी घेणार असेल तरच पिल्ले आणावीत.