लेपर्ड गेकोचा रेडीमेड स्टार्टर किट: टँक मस्त, बाकी निम्मं सामान परत घ्यायला लागतं

पाचपैकी अडीच स्टार, आणि त्यातले दोन एकट्या टँकचे. भाचीने लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) घेतला, सोबत हा 'सगळं एकाच बॉक्समध्ये'वाला किट आला. मी बरीच वर्षं गेको पाळतोय म्हणून सेटअप लावायला मला बोलावणं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, असले किट थोड्याफार फरकाने सगळे सारखेच असतात.

आधी चांगलं सांगतो. टँक समोरून उघडतो आणि नवीन प्राण्यासाठी हे फार कामाचं आहे, कारण वरून हात आला की गेकोला तो शिकारी पक्षीच वाटतो, समोरून सावकाश गेलं तर तेवढा दचकत नाही. झाकण जाळीचं, हवा खेळती राहते, दार नीट लॉक होतं. पाण्याची वाटी ठीक. कॅल्शियम पावडरमध्ये डी३ (कॅल्शियम अंगी लागायला लागणारं व्हिटॅमिन) आहे, आणि किटमध्ये यूव्हीबी लाइट (ज्याच्या किरणांमुळे अंगात डी३ बनतं) नसल्याने ते असायलाच हवं, सो अर्धा स्टार त्याचा.

आता हीट मॅट, म्हणजे टँकखाली ठेवायची विजेवर गरम होणारी चटई. बॉक्सवर लिहिलंय की टेम्परेचर आपोआप कंट्रोल होतं, थर्मोस्टॅटची (ठरलेल्या टेम्परेचरला मॅट बंद-चालू करणारं यंत्र) गरज नाही. मी माझा डिजिटल थर्मामीटर काढून त्याचा प्रोब (वायरच्या टोकाचा सेन्सर) बरोबर मॅटच्या वर जमिनीला टेकवून ठेवला तर तासाभरात ४४ डिग्री!! आणि किटमधला गोल काट्याचा थर्मामीटर, जो काचेला चिकटवायचा असतो, तो तेव्हा निवांत २७ दाखवतोय. म्हणजे तो काचेजवळची हवा मोजणार आणि गेको पोट टेकवून बसणार जमिनीवर. गरम बाजूची जमीन ३१ ते ३३ आणि थंड बाजू २४ ते २६ च्या आसपास पाहिजे. ४४ ला पोट भाजू शकतं, आणि भाजलं नाही तरी तो त्या बाजूला फिरकणारच नाही, थंड कोपऱ्यात बसून राहील, मग अंगात ऊब नाही, ऊब नाही तर पचन नाही आणि पचन नाही तर भूक कुठून लागणार? नवीन गेको खात नाही म्हणून लोक किडे बदलत बसतात आणि गडबड असते खालच्या मॅटमध्ये. थर्मोस्टॅट वेगळा घ्याच, त्यात काटकसर नको.

दुसरी कमतरता म्हणजे गुहा एकच. ती गरम बाजूला ठेवली तर थंडावा हवा असताना त्याला उघड्यावर यावं लागतं, थंड बाजूला ठेवली तर उबेसाठी उघड्यावर. घाबरलेला प्राणी उघड्यावर येतच नाही, लपून राहणं पसंत करतो, मग ऊब गेली खड्ड्यात. आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्याला दार कापून दुसरी गुहा केली, आणि प्लास्टिकच्या डब्याला भोक पाडून आत ओला टिश्यू घातला, कात टाकायला ओलसर जागा लागते. टँकच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावला, म्हणजे त्याला आडोसा वाटतो. एवढ्यानेच फरक पडतो.

वाळूचं पाकीट उघडलंच नाही. 'कॅल्शियम सँड, पोटात गेली तरी पचते' असं छापलंय, पण पिल्लं ती चाटत बसतात आणि आतडं तुंबू शकतं. सुरुवातीला साधा किचन टिश्यू बेस्ट, शी झाली का, कशी झाली हे लगेच दिसतं. लाल बल्बपण कपाटात. रात्री तो गेकोला दिसत नाही म्हणतात पण दिसतो हो, त्याला रात्री अंधारच लागतो.

सगळ्यात राग आला तो माहितीपत्रकाचा. म्हणे पहिल्या दिवसापासून रोज हातात घ्या म्हणजे माणसाळेल, आणि रोज दहा किडे सोडा. हे वाचून नवखा माणूस बिचाऱ्याचे हालच करेल! पहिला आठवडा हात लावायचा नाही, पाणी तेवढं बदलत राहायचं. दोनेक दिवसांनी, संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर एखादा किडा द्यायचा, कारण ते फिरतात संधिप्रकाशातच. किड्याचा आकार गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. मीलवर्म (भुंग्याची अळी) गुळगुळीत बशीत ठेवला की बाहेर पडत नाही. क्रिकेट (रातकिडे) दिले तर उरलेले रात्री काढून घ्यायचे, झोपलेल्या गेकोला ते चावतात. पहिलं खाणं मी पावडर न लावता देतो, काही गेको पांढरा किडा हुंगून तोंड फिरवतात. चिमट्याने किडा थोडा लांब, जमिनीलगत हलवायचा, तोंडासमोर नाचवायचा नाही. भूक असेल तर मान ताठ होते, शेपटीचं टोक हळूहळू वळवळायला लागतं आणि मग झडप. हे टोक हललं की चिमटा अजिबात हलवू नका, श्वाससुद्धा जपून घ्या :)

मोठा गेको नव्या घरात आठवडा दोन आठवडे नाही खाल्लं तरी निभावून नेतो, शेपटीत चरबी साठवलेली असते. पिल्लांना एवढी सवलत नाही. किटमध्ये खरं तर एक छोटा वजनकाटा हवा होता, किचनमधला ग्रॅमवाला चालतो. आठवड्याला एकदा वजन लिहून ठेवा, दहावा हिस्सा कमी झालं किंवा शेपटी बारीक दिसायला लागली तर ताजी शी डबीत घेऊन सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे जा, जंत असले तर त्यातच कळतं. जबरदस्तीने तोंड उघडून भरवायच्या भानगडीत पडू नका, जबडा दुखावतो.

भाचीचा गेको आता व्यवस्थित खातोय, पण थर्मोस्टॅट, डिजिटल प्रोब आणि दोन जादा गुहांवर. मिळत असेल तर नुसता टँक घ्या. आणि बिअर्डेड ड्रॅगन (हाही एक पाळीव सरडा) वाल्यांनी हा किट बघूच नका, त्यांना ऊन खायला ४० च्या आसपासची जागा आणि यूव्हीबी ट्यूब दोन्ही लागतं, बॉक्सवर त्याचा फोटो का छापलाय देव जाणे.