वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर मसाल्याचे दुकान : काही महिन्यांच्या वापरानंतर

कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी एवढाच माल असलेला आमचा कोल्हापुरातील घरगुती व्यवसाय गेल्या दिवाळीच्या सुमारास स्वतःच्या संकेतस्थळावर आला. त्यासाठी वर्डप्रेस हे संकेतस्थळ बांधण्याचे सॉफ्टवेअर आणि त्याला दुकानाची सोय जोडणारे वूकॉमर्स हे प्लगइन निवडले, आणि बांधणीचे काम बाहेर न देता मी ते शिकून घेतले. विक्रीचे यंत्र म्हणून वूकॉमर्स भक्कम आहे, पण मराठी दुकान मराठी दिसावे असे वाटत असेल तर थोडे सीएसएस, म्हणजे पानाचे दिसणे ठरवणारी भाषा, शिकल्यावाचून गत्यंतर नाही, असे माझे आजचे मत आहे.

वर्डप्रेस २००३ पासून आणि वूकॉमर्स २०११ पासून वापरात आहे. या जुनेपणाचा फायदा असा की आपण जिथे अडतो तिथे आपल्याआधी कोणीतरी अडलेले असते आणि उत्तर सापडते. माल चढवणे, पाव किलो, अर्धा किलो, एक किलो असे पर्याय पाडणे, साठा संपला की विक्री आपोआप थांबणे, ही कामे पहिल्या आठवड्यातच हातात बसतात. थीम, म्हणजे संकेतस्थळाची तयार मांडणी, म्हणून ॲस्ट्रा घेतली. ती पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीची आहे, हलकी आहे आणि तिच्या मोफत आवृत्तीत आमचे सगळे भागले.

खरे काम देवनागरीने काढले. बहुतेक तयार मांडण्या रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. शोभेसाठी मथळ्यांना आणि बटणांना ‘लेटर-स्पेसिंग’, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलेले असते; इंग्रजीत ते देखणे दिसते, मराठीत मात्र शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते आणि ‘मसाला’ हा शब्द तीन सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. ओळींमधील अंतराचेही तसेच आहे. मथळ्याला १.२ एवढी ‘लाइन-हाइट’ असली की वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील रफाराला आणि वेलांटीला जाऊन भिडतात. लेटर-स्पेसिंग ‘नॉर्मल’ केले, लाइन-हाइट १.५ वर नेली आणि ‘मुक्त’ या नावाचा देवनागरी फॉन्ट लागू केला, तेव्हा पान वाचण्याजोगे झाले. तिन्ही बदल मिळून सीएसएसच्या जेमतेम पाच-सहा ओळी आहेत, पण कोणती ओळ कोणत्या घटकावर चालते हे पानाची घडण उलगडून दाखवणाऱ्या ब्राउझरच्या ‘इन्स्पेक्ट’मध्ये जाऊन पाहता आले नसते तर त्या लिहिणेच शक्य नव्हते.

पानाच्या पत्त्याबद्दल मात्र भावनेला मुरड घालावी. मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस पत्ताही देवनागरीत तयार करते. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण तोच पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते, कारण देवनागरीचे एक चिन्ह अशा पत्त्यात नऊ जागा खाते. शिवाय पत्त्याच्या या भागाला २०० जागांची मर्यादा असल्याने लांब शीर्षक मध्येच कापले जाते. शीर्षक मराठीत आणि पत्ता रोमन लिपीत, ही विभागणी आम्हाला मानवली आहे. शोधाच्या चौकटीतही अनेक ग्राहक रोमन अक्षरांतच मालाचे नाव लिहितात आणि मूळ शोधाला लिप्यंतर समजत नाही, म्हणून प्रत्येक मालाच्या छोट्या वर्णनात रोमन स्पेलिंगही लिहून ठेवले आहे.

टपालखर्चाची रचना हा वूकॉमर्सचा लंगडा भाग आहे. वजनाच्या टप्प्यांनुसार दर लावण्याची सोय मूळ प्लगइनमध्ये नाही, ती वेगळी विकत घ्यावी लागते. आम्ही लहान पाकिटांना एक आणि किलोच्या पुड्यांना दुसरा असे ‘शिपिंग क्लास’, म्हणजे टपालाचे गट, पाडून ‘फ्लॅट रेट’ या ठरावीक दराच्या पर्यायात नगसंख्येने गुणण्याचे सूत्र घातले आहे. चार पाकिटे एकाच खोक्यात गेली तर ग्राहकाकडून टपाल थोडे जास्तच घेतले जाते. मोठ्या खरेदीवर टपाल मोफत ठेवून तो अन्याय काही अंशी भरून काढतो.

‘शिपिंग झोन’, म्हणजे माल कुठे पाठवायचा ते ठरवण्याची सोय, मात्र फार उपयोगी पडली. परराज्यात करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. कोल्हापूरच्या माणसाला कर्नाटकातील निपाणी ही शेजारची बाजारपेठ वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने तिथे गेलेले पाकीट हा आंतरराज्य व्यवहार असतो. नोंदणी होईपर्यंत झोनमध्ये फक्त महाराष्ट्र ठेवला आणि इतर ठिकाणांसाठी पाठवणीचा एकही पर्याय दिला नाही. त्यामुळे बाहेरची ऑर्डर शेवटच्या पायरीवर आपोआप अडते. अडण्यामागचे कारण सांगणारा मराठी संदेश लोको ट्रान्सलेट या प्लगइनमधून लिहिता येतो, आणि तो लिहावाच, कारण मूळ संदेश कोरडा आहे.

ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या पेमेंट गेटवेचा प्रचलित दर साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असा असतो, म्हणजे ४०० रुपयांच्या ऑर्डरमागे ९ रुपये ४४ पैसे जातात. मसाल्यासारख्या मालात ही रक्कम किमतीत आधीच धरावी. खाते सुरू होण्यापूर्वी परताव्याचे धोरण, गोपनीयता धोरण, अटी आणि संपर्क ही पाने गेटवेवाले तपासतात. खाद्यपदार्थ असल्याने आम्ही एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांकही तळटीपेत दिला. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ बंद ठेवली आहे, कारण नाकारलेल्या पार्सलचे दोन्ही वेळचे टपाल आपल्याच अंगावर पडते. ऑर्डरच्या ईमेलसाठी एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या प्रमाणित पद्धतीची जोडणी पहिल्याच दिवशी करावी, नाहीतर ती पत्रे स्पॅममध्ये जाऊन पडण्याची शक्यता मोठी असते.

शिकण्याच्या क्रमाविषयी माझे मत थोडे उलटे आहे. बहुतेक जण आधी वर्डप्रेस उघडतात आणि अडले की सीएसएसकडे वळतात. मी एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या वेबची कामे शिकवणाऱ्या मोफत स्रोतांवर एचटीएमएलची (पानाचा सांगाडा उभा करणाऱ्या भाषेची) रचना, सीएसएसचे सिलेक्टर (नियम कोणत्या घटकाला लावायचा ते), बॉक्स मॉडेल (घटकाभोवतीच्या जागेचे गणित) आणि फ्लेक्सबॉक्स (घटक रांगेत मांडण्याची पद्धत) एवढे आधी उरकले, आणि नंतर थीमच्या प्रत्येक पर्यायामागे काय घडते हे कळत गेले. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची गरज अजून पडलेली नाही. दोन्ही स्रोतांवरील मजकूर मुख्यतः इंग्रजीत आहे, ही अडचण खरी. पण टॅगची आणि गुणधर्मांची नावे एकदा ओळखीची झाली की ती फारशी जाणवत नाही.

सॉफ्टवेअर मोफत असले तरी होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवायची भाड्याची जागा, मोफत नसते. आमच्या होस्टिंगवाल्याने पहिल्या वर्षाचा दर ठळक अक्षरांत आणि नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत दिला होता, आणि दुसरा पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे. निवड करताना हा दुसरा दर लेखी मागावा, आणि डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, मात्र होस्टिंगपासून वेगळे, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवावे, म्हणजे पुढच्या वर्षी होस्टिंग बदलायचे ठरले तरी पाकिटांवर छापलेला पत्ता बदलावा लागणार नाही.