गुलमर्गचं स्कीइंग : हद्दीच्या आत की बाहेर?

गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर उतरलं की दोन्ही पर्याय समोरच असतात. एकीकडे हद्दीच्या आतला, म्हणजे स्की पेट्रोलच्या (सुरक्षा पथकाच्या) देखरेखीखालचा उतार, दुसरीकडे हद्दीबाहेरचा, कुणीही न तुडवलेला भुसभुशीत बर्फ. डोंगर तोच, तिकीटही तेच. त्यामुळे प्रश्न फक्त आपल्याला स्कीइंग किती येतं एवढाच आहे, असं वाटतं. तसं नाही.

आतल्या उतारावरचा बर्फ तुमच्याआधी कुणीतरी पाहिलेला असतो. लक्षण बरं नसेल तर उतार बंद ठेवतात. गुडघा मुरगळणं, कुणावर तरी आदळणं हे तिथेही होतंच, पण मदत हाकेच्या अंतरावर असते.

बाहेर बर्फ तपासायचा तुम्हीच आणि गाडलेल्याला उकरून काढायचं तेही तुम्हीच. हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात, आणि स्कीइंगला मजा येते तीही तिथेच. वारा बर्फ उचलून कड्यापलीकडे रचतो. खालचा थर कच्चा असेल तर एका माणसाच्या वजनानेही वरची अख्खी लादी सुटते. पायाखाली ‘हुम्म’ असा दबका आवाज आला तर तो खालचा कच्चा थर खचल्याचा असतो. तिथून लगेच मागे फिरायचं.

सह्याद्रीत आपण मळलेल्या वाटेवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. ती सवय इथे घातक आहे. पुढे चौघे सुखरूप उतरले तरी पाचव्याखाली उतार सुटू शकतो.

गाडल्या गेलेल्या माणसाच्या हाती पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, मीटरभर खोल पोहोचायला टनभर उपसावा लागतो. म्हणून प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं हवं, आणि ते वापरायचा सरावही. गाईड घ्याच, पण तो म्हणजे हमी नव्हे. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटवरच्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर मृत्युमुखी पडले, तेव्हा त्या गटासोबत स्थानिक गाईड होते.

माझं स्पष्ट मत : पहिले एक-दोन हिवाळे आतच काढा. बाहेर जायचंच असेल तर आधी हिमस्खलनाचा कोर्स करा, विमा हद्दीबाहेर लागू आहे का ते वाचा, त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा पाहा. धोक्याची पातळी पाचपैकी तीन असली तरी तीव्र उतार सोडा. आणि गटातल्या एकाचाही बीकन बंद असेल तर त्या दिवशी सगळ्यांनीच आत राहा.